अंबिकाबाईंची राहिलेली झोप

माधव नगरातल्या सुपेकरांच्या घरी वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या यात्रेकरूंना दिलेल्या असत. श्रीधरराव बँकेतून रिटायर झाले तेव्हा ही कल्पना अंबिकाबाईंनीच काढली आणि नऊ वर्षं एकहाती चालवली. देवळातल्या पहाटेच्या भस्म आरतीला जाणारा पाहुणा पहाटे दोनच्या सुमाराला लाइनीत लागायला हवा. म्हणून बाई एकला उठून पाणी तापवत, चहा करत, ऑटोवाल्याला फोन लावून फाटक उघडत. परत पडून जरा डोळा लागतोय तोच दूधवाला. सातला परतलेल्यांसाठी गरम पोहे. रात्रीही अकराच्या आत पाठ टेकत नसे.

"दुपारी तरी पडत जा गं," श्रीधरराव म्हणायचे.

"अहो, मग चादरी कोण बदलणार? मला चालतं तेवढ्या झोपेत."

या चालवून घेण्याचा बाईंना अभिमानच होता. बोलता बोलता मान कलंडायची, त्या दचकून "काय म्हणत होते मी?" विचारायच्या, आणि सगळे हसायचे. त्याही हसायच्या.

पन्नाशी ओलांडल्यावर रक्तदाब निघाला, दोन वर्षांनी साखर. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "आंटी, सोती कितना हैं?"

"चार घंटे. कभी साढ़े तीन."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दिल-दिमाग़ की मरम्मत नींद में ही होती है। आप मरम्मत का टाइम ही नहीं दे रहीं। अकेली गोली क्या कर लेगी?"

त्या दिवसापासून फाटकाचं काम श्रीधररावांनी घेतलं. पण एक वाजला की बाईंचे डोळे आपोआप उघडत. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येई. ह्यांना गाळणी सापडत नसेल, हे कळायचं. अंग दगडासारखं जड, आणि झोप मात्र कुठल्या कुठे. कूस बदलत त्या उजाडायची वाट बघत. इतकी वर्षं जिला परतवून लावली, ती आता बोलावूनही येईना.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी वेणी घालताना उजवा हात वर जाईना. "अहो," असं त्यांना म्हणायचं होतं. तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला.

दवाखान्यात वेळेवर नेलं, जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताचं एकच कारण सांगता येत नाही, पण रक्तदाब, साखर आणि वर्षानुवर्षांची अपुरी झोप, सगळं एकत्र आलं. पाय सुधारला. हात अर्धामुर्धा सुधारला. शब्द मात्र जिभेवर येऊन अडकत. चाळणीला त्या "ते... भोकांचं" म्हणत आणि मग रडत. खोल्या बंद झाल्या. रात्र सगळी त्यांचीच होती, तरी झोप पाच तासांच्या वर सरकली नाही.

फाल्गुनात मृण्मयी, त्यांची मुलगी, आईजवळ राहायला इंदूरहून आली. तिची कंपनी अमेरिकेतली. रात्री नऊला लॅपटॉप उघडायचा, पहाटे तीनला मिटायचा, आणि आठला उठून आईची औषधं. चौथ्या दिवशी चहा गाळता गाळता मृण्मयीची मान खाली गेली आणि चहा ओट्यावर सांडला.

"काही नाही आई, डुलकी लागली," ती फडकं शोधत हसून म्हणाली.

अंबिकाबाईंनी डाव्या हाताने मुलीचं मनगट घट्ट धरलं. सांगायचं सगळं डोक्यात लख्ख होतं, अगदी क्रमाने.

"तू... नको... ते, रात्री... तू..."

"काय हवंय आई? पाणी?"

बाईंनी जोरात मान हलवली. "नाही... ते... डोळे..."

"डोळ्यांत ड्रॉप्स घालायचेत? बाबा, ड्रॉप्स कुठे आहेत हो?"

श्रीधरराव कपाट उघडायला धावले. मृण्मयीने आईला हळूच खुर्चीत बसवलं, मान मागे टेकवली. अंबिकाबाई तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघत राहिल्या. थेंब पडले तशी मृण्मयीने आईच्याच पदराच्या टोकाने तिचे गाल पुसले, आणि त्यातलं औषध किती नि डोळ्यांतलं पाणी किती, हे काही तिच्या लक्षात आलं नाही.