बचावपटूची कढई

एल्मुरोद ताश्कंदचा मोठा क्लब सोडून मर्गिलानला परत आला तेव्हा सगळ्यात जास्त कोणी चिडलं असेल तर मी. माझं केस कापायचं दुकान मशिदीच्या कोपऱ्यावर आहे आणि आरशाशेजारी आठ वर्षं त्याचाच फोटो होता. गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून मी त्याला विचारायचो, आपल्या मोहल्ल्याचा हा पोरगा देशातला सगळ्यात चांगला बचावपटू आहे की नाही? सगळे हो म्हणायचे.

गुडघा गेला तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. त्याच्या बरोबरचे सगळे आपापल्या ठिकाणी लागले होते. गोलरक्षक कस्टममध्ये चिकटला. डावीकडून खेळणाऱ्याने समरकंदला गाड्यांचं दुकान काढलं. ज्याला जन्मात कधी सरळ पास देता आला नाही तो टीव्हीवर बसून इतरांचे पास कसे चुकले ते सांगायला लागला. आम्हाला वाटलं, एल्मुरोद निदान प्रशिक्षक होईल, गळ्यात शिट्टी घालून मिरवेल. तर हा पठ्ठ्या आला आणि दुसऱ्या दिवशी सोतिबोल्दी-ओतांच्या अंगणात बसून गाजरं धुवायला लागला.

सोतिबोल्दी-ओता, म्हणजे सोतिबोल्दी आजोबा, आमच्याकडचे लग्नाचे ओश करणारे. ओश म्हणजे मटण, पिवळी गाजरं आणि तांदूळ. पण पाचशे माणसांचं ओश म्हणजे खेळ नव्हे. त्यांच्या कढईत दोन माणसं आरामात झोपली असती. ओतांना फुटबॉलचं ओ की ठो माहीत नव्हतं. हा कोण, असं त्यांनी मला विचारलं. मी छाती फुगवून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं, पण गाजर किसतो की चिरतो?"

मी दुकानात येऊन फोटो काढून ड्रॉवरमध्ये टाकला. इतका राग आला होता मला.

पुढे एकदा दाढीला आला तेव्हा मी त्याला झापलंच. म्हटलं, पस्तीस हजार लोक तुझ्या नावाने ओरडायचे आणि तू म्हाताऱ्याच्या चुलीत लाकडं सारतोस? मला अका, म्हणजे दादा, म्हणणारा हा पोरगा हसला. लहानपणी त्याचा बाप गेला, त्या दिवसांत सोतिबोल्दी-ओतांनी एक पैसा न घेता याच्या दारात ओश केलं होतं. लोक रडत आले आणि जेवून शांत होऊन गेले, ते त्याने पाहिलं होतं. "नेमात-अका, मला तेव्हापासून हेच करायचं होतं. मध्ये फुटबॉल आला," तो म्हणाला. मी वस्तरा खाली ठेवला. 

आमच्याकडे या धंद्याची एक रीत आहे. शागीर्द कितीही शिकला तरी उस्तादाने चार माणसांत उभं राहून, तळहात वर करून फोतिहा दिल्याशिवाय त्याला कुणी लग्नाचं काम देत नाही. फोतिहा म्हणजे उस्तादाचा आशीर्वाद, परवानगी, सगळं त्यात आलं. एल्मुरोद पहिलं वर्ष गाजरं धुवत होता, दुसरं वर्ष चिरत होता, तिसऱ्या वर्षी आग त्याच्या हातात आली. त्या शरद ऋतूत फोतिहा द्यायचं ठरलं. उस्तादाला नजर करायचा अंगरखा त्याच्या बायकोने, मुकद्दसने, शिवून तयार ठेवला.

आणि तेव्हाच त्याने माती खाल्ली.

एका लग्नात ओश दमाला लावून ओता नमाजाला गेले. मी येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, एवढंच सांगून गेले. तेवढ्यात एल्मुरोदच्या संघाचा जुना कर्णधार आला. त्याला विमान गाठायचं होतं. आता आमच्यात पाहुणा उपाशी गेला तर यजमानाला तोंड दाखवायला जागा राहत नाही. यजमान गयावया करायला लागला, कर्णधाराने खांद्यावर हात टाकला, आणि एल्मुरोदने झाकण उचलून एक ताट वाढलं. एकच ताट. पण वाफ गेली ती गेली. वरचा भात कचकचीत राहिला आणि तीनशे माणसांनी तो मान खाली घालून चावला. ओतांनी परत येऊन एक शीत दाताखाली धरलं. सगळ्यांचं जेवण होऊ दिलं. मग म्हणाले, "उद्यापासून गाजरं धुवायला ये."

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मी पैज लावली होती की हा आता येणार नाही. पैज हरलो. तो सकाळी सहाला बादली घेऊन हजर होता. पुन्हा एक वर्ष धुणं, एक वर्ष चिरणं, एक वर्ष आग. मुकद्दसने तो अंगरखा कापडात गुंडाळून ठेवला. मोहल्ल्यात लोक त्याची टर उडवायचे, त्यात मीही होतो, खोटं कशाला बोलू?

या वसंतात मामिरजोनच्या मुलीचं लग्न निघालं. मामिरजोन म्हणजे रेशमाचा बडा व्यापारी, नाकावर माशी बसू न देणारा. पाचशे पानं. ओतांचं वय आता अठ्ठ्याहत्तर, उजवा कोपर सुजलेला, झारा उचलत नव्हता. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आज एल्मुरोद करेल, मी बाकावर बसेन आणि तोंड उघडणार नाही. जमलं तर फोतिहा. नाही जमलं तर मी कढई विकून टाकतो, आता आणखी तीन वर्षं थांबायला माझ्याकडे नाहीत.

मी दुकान बंद करून आलो होतो. एल्मुरोदने तांदूळ दोन्ही तळव्यांत चोळून पाहिला, पाण्याचा अंदाज बदलला, लसणाचे अख्खे गड्डे खोचले, भाताचा डोंगर केला आणि झाकण लावलं. तोंडावर घाम होता. 

दमाला दहा मिनिटं झाली असतील नसतील, मामिरजोन तणतणत आला. पाहुण्यांमध्ये एल्मुरोदच्या क्लबचे जुने अध्यक्ष होते, आता मोठे अधिकारी झालेले. त्यांना ताश्कंदहून बोलावणं आलं होतं, लगेच निघायचं होतं.

"एक ताट काढ."

"अठरा मिनिटं आहेत अजून, अका. त्यांना चहा द्या."

"तुला कळतंय का कोण आहेत ते? तुला खायला घातलंय त्यांनी आठ वर्षं. ते माझ्या दारातून उपाशी जाणार?"

मी ओतांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मामिरजोनने स्वतःच झाकणाकडे हात नेला, आणि एल्मुरोद त्याच्या आणि कढईच्या मधे येऊन उभा राहिला. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. गोलासमोर चेंडू हाताला लागू नये म्हणून बचावपटू घेतात ना, अगदी तसे. 

"पस्तीस हजार लोक ओरडायचे, पुढे जा, पुढे जा," तो शांतपणे म्हणाला. "मी जागा सोडली नाही, अका. तुम्ही तर एकटे आहात."

अंगणात कुणीतरी फिस्सकन हसलं. मामिरजोन लालबुंद झाला. तो आता काही बोलणार तेवढ्यात अध्यक्ष स्वतः तिथे आले. त्यांनी एल्मुरोदला नखशिखांत न्याहाळलं, मग एक स्टूल ओढून कढईसमोरच बसले. "मामिरजोन, मी याला ओळखतो. हा हलायचा नाही. चहा मागवा, ताश्कंदला थांबू दे," असं म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला.

ती अठरा मिनिटं संपता संपेनात. मग एल्मुरोदने झाकण उचललं. काय सांगू! शितापासून शीत वेगळं, तांबूस, चकचकीत, आणि वास असा की भिंतीपलीकडच्या बायका डोकावायला लागल्या. त्याने पहिलं ताट भरलं, वर मटण चिरून ठेवलं. मामिरजोनने ते अध्यक्षांसाठी घ्यायला हात पुढे केले. एल्मुरोद त्याच्या बाजूने निघून बाकापाशी गेला आणि ताट ओतांसमोर ठेवलं.

"मी सगळ्यांच्या शेवटी खातो," ओता पुटपुटले.

"आज तुम्ही पाहुणे, ओता."

ओतांनी आधी एक शीत दाताखाली धरलं. मग घास घेतला. मग दुसरा. मग ते उठले, डावा हात वर गेला, सुजलेला उजवा एल्मुरोदने खालून आधार देऊन वर नेला. पाचशे माणसांनी तळहात वर केले.

"अल्ला तुझ्या हाताला बरकत देवो. माझी कढई तुझी, माझा झारा तुझा. आजपासून या शहरात कुणी उस्ताद कोण विचारलं तर तुझं नाव सांगायचं."

सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. मुकद्दसने जपून ठेवलेला तो अंगरखा एल्मुरोदने ओतांच्या खांद्यावर घातला. मी तर ढसाढसा रडलो, सांगायला मला लाज नाही. एल्मुरोदही रडत होता, आणि रडता रडता अध्यक्षांचं ताट भरत होता. ओता मात्र परत बाकावर बसले. पन्नास वर्षं लग्नांमध्ये सगळे जेवून गेल्यावर त्यांनी कढईच्या तळाचं गार ओश खाल्लं होतं. त्या दुपारी त्यांनी गरम ताट मांडीवर घेतलं आणि एकही शीत न ठेवता संपवलं.