अर्धी वाट जवळ्याची

"वाट हाय नं?"

हातातला खराटा आडवा धरून मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला हे विचारायच्या. नुसती मान हलवून भागायचं नाही, तोंडाने "हो" म्हणावं लागायचं. मग खराटा बाजूला व्हायचा आणि आपण टोलनाका ओलांडल्यासारखे पुढे सरकायचो.

वाट म्हणजे बोईसरमधल्या आमच्या सरावलीच्या मागून खाडीच्या कडेकडेने गेलेली, नवी फरशी घातलेली पायवाट. एका अंगाला कठडा, कठड्यापलीकडे तिवरं आणि पाणी, मधूनमधून बाकं. सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांसाठी केलेली. मावशींना मात्र तिच्यात दिवसभर ऊन खाणारी, धुतल्यासारखी स्वच्छ जमीन दिसली. खाडीकडच्या अर्ध्या फरशीवर जुनी जाळी अंथरून त्या जवळा वाळत घालायच्या. उरलेल्या अर्ध्यातून जायला वाट आहे, एवढं त्यांना प्रत्येकाकडून कबूल करून घ्यायचं असायचं. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी. वाळली की गुलाबी दिसते, चटणीला जीव आणते, पण वाळताना तिचा वास नवख्या माणसाला उभं राहू देत नाही.

मी नवखीच होते. घाटावरून आलेली, इथल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलेली. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून निघाले, तर खराटा आडवा आला.

"कंपनीतली का गो तू?"

"हो."

"तिथं दिवसभर काय काय हुंगतेस, आन माझ्या जवळ्याला रुमाल?"

मला हसू आलं. हसताना रुमाल खाली आला आणि ओळख झाली.

खरं सांगायचं तर तेव्हा माझं इथे अजिबात मन लागत नव्हतं. वर्ष होऊन गेलं तरी बोईसर म्हणजे खोली, कंपनीची बस आणि गेट. बदलीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता. मावशींना ते सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "गाव बघितलास का पण?"

"त्यात बघायचं काय?"

"ह्या वाटेनं चालत ऱ्हा. पायऱ्या दिसल्या की उतर. चुकलीस तर खाडी कुठं हाय ते विचार, आन परत ये."

झालं, सुट्टीच्या दिवसाचं माझं काम ठरून गेलं. वाटेवरून गावात उतरणाऱ्या पायऱ्या बऱ्याच होत्या, आणि प्रत्येक पायरीखाली वेगळंच बोईसर. पहिल्या पायऱ्यांखाली मसाला कांडायची गिरणी, तिथे शिंकत शिंकत गप्पा मारणाऱ्या बायका. दुसरीकडे पाळीवरून सुटलेल्या कामगारांची चहाची टपरी. तिथे "दीदी, बैठो ना" म्हणत मला बाकड्यावर जागा झाली. पुढे डोंगराकडून आलेल्या बायका गोणपाटावर कंद मांडून बसलेल्या. त्यातल्या एकीने ते कसे उकडायचे ते मला तीनदा समजावलं, तरी मी बिघडवलेच. परतताना मावशी सगळा हिशेब घ्यायच्या. काय बघितलंस, कोण भेटलं, काय खाल्लंस. काही बघायचं राहिलं असलं की पुन्हा पिटाळायच्या.

असं छान चाललेलं असताना मी एक वाईट गोष्ट केली.

वाटेवरची दुर्गंधी हटवावी असा अर्ज चालणाऱ्या मंडळींनी ग्रामपंचायतीच्या कार्यालयासाठी तयार केला होता. तो घेऊन आमच्याच कंपनीतले एक साहेब बाकाजवळ उभे होते. मी अर्ज वाचला. कशाबद्दल आहे ते मला नीट कळलं. तरीही सही केली, कारण कागद साहेबांच्या हातात होता. तुमच्याही हातून कधीतरी अशी सही झाली असेल.

पंधरा दिवसांनी मावशींनी मला हाक मारली. खराटा कठड्याला टेकवलेला होता आणि हातात एक कागद. "हापिसातला माणूस देऊन गेला. तू शिकलेली, वाच."

आठ दिवसांत जागा मोकळी करा, नाहीतर माल उचलला जाईल, असं त्यात होतं. मागे तक्रारीची प्रत जोडलेली होती.

"कोणी केली? नावं वाच."

मी वाचत गेले. एक, दोन, तीन. चौथ्यापाशी बोट कागदावरच राहिलं.

"थांबलीस का?"

"चौथं माझं आहे, मावशी."

त्या जवळ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"माझी सासू इथंच वाळवायची," त्या म्हणाल्या. "तवा फरशी नव्हती, खळं व्हतं. दुसरी जागा नाय मला." मग माझ्याकडे वळल्या. "सही येते तुला. म्हंजे लिवता येत आसंल. लिव आता."

तिथेच बाकावर बसून मी लिहिलं. जवळ्याच्या दिवसांत आठ ते चार, खाडीकडची अर्धी वाट, बाकीची चालणाऱ्यांना मोकळी. मावशींनी ओल्या हाताचा अंगठा उठवला. त्या कागदाला शेवटपर्यंत जवळ्याचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या खराटा घेऊन वाटेत उभ्या, शेजारी कागद घेऊन मी.

"वाट हाय नं?"

"हो," सवयीने उत्तर यायचं.

"मंग इथं लिव तसं."

रोज "हो" म्हणणारी माणसं आता नाही कसं म्हणणार? साहेब आले. त्यांनी कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. मी पेन पुढे केलं. त्यांनी सही केली, खाली तारीखही घातली. कागद कार्यालयात दिला, तर त्यांनी ना होकार कळवला ना नकार. नोटीस देऊन गेलेला माणूस मात्र पुन्हा फिरकला नाही.

त्या सहीबद्दल मावशी मला पुढे एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट पहिल्या वाळवणातला जवळा पिशवीत घालून दिला. बदलीचा अर्ज पर्समध्ये कुजून गेला. आज या गावात मला नावाने हाक मारणारी माणसं आहेत. ती मला मावशींनी दिली, हे मी रोज आठवते.

या पावसाळ्यात मावशी गेल्या. चार दिवसांचा ताप आणि संपलं. सून ओली मासळीच विकते, वाळवणाला तिला वेळ नाही.

परवा, ऊन पडायला लागल्यावर, मी वाटेवर गेले. आठ वाजून गेले होते. आमची सगळी मंडळी गावाकडच्या कडेने एकामागे एक चालली होती. नव्याने आलेले एक गृहस्थ मोकळ्या बाजूला वळले, तसं साहेबांनी त्यांचा दंड धरला.

"इकडून चला. तिथे जवळा असतो."

गृहस्थांनी त्या रिकाम्या फरशीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि मुकाट्याने रांगेत आले.