काटा सत्तरावर

नागपुरातला मे महिना, दुपारची वेळ. कूलरच्या घरघरीत हेमलताबाईंचा डोळा लागतो न लागतो, वाचत असलेलं वर्तमानपत्र छातीवर उतरतं, तोच बाजूच्या खोलीतून आवाज येतो.

"काटा कुठे आहे?"

आवाज ओळखायला वेळ लागत नाही. हे बळवंतराव, त्यांचे यजमान. गेल्या मे महिन्यात वारले. वर्षाने आले, आणि पहिली चौकशी कुणाची, तर चिरुटांच्या पेटीची.

"तुम्हीच बघा," बाई पडल्या जागेवरून म्हणतात. "मी पाणी घालणं सोडलं."

बळवंतराव रविवारी एक चिरूट ओढत आणि उरलेला आठवडा पेटीतल्या चिरुटांची सरबराई करत. पेटीत दमटपणा सत्तर टक्के हवा. वाढला की बुरशी, घटला की चिरुटावरचं पान तडकतं. उन्हाळ्यात इथली हवा पापड वाळवायच्या लायकीची, म्हणून घरातला एकुलता एक कूलर पेटीच्या खोलीत, आणि जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली बायको गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत. कूलर या खोलीत आला तो यंदा, ते गेल्यावर. पेटीतलं दमटपणा मोजायचं घड्याळ खरं बोलतं की खोटं, हे तपासायचं कामही तिचंच. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंबभर पाण्याने ओलं करायचं, घड्याळासोबत डब्यात बंद करायचं. ओल्या मिठावरची हवा पंच्याहत्तरावर येऊन थांबते. काटा तिथे आला, तर घड्याळ खरं.

बाई उठतात. बाजूची खोली नेहमीपेक्षा लांब आहे, फरशीला फिनाइलचा वास आहे. कपाट असायचं तिथे लोखंडी खाट, खाटेवर बळवंतराव, मांडीवर पेटी. उशाशी ऑक्सिजनच्या नळीची पाण्याची बाटली बुडबुडते आहे. नळी त्यांच्या नाकात नाही. पेटीच्या फटीत खोचली आहे.

"अहो, ती नळी तुमच्यासाठी होती."

"मला आता कशाला? हे बघ, काटा कसा सत्तरावर आहे. पाणी तूच घातलेलं. अजून पुरून राहिलं."

त्या पाण्याचं नाव निघताच बाईंना हॉस्पिटलातली शेवटची दुपार आठवते. त्या दुपारी याच खाटेवरून, नाकातली नळी बाजूला करून, ते म्हणाले होते, घरी जा, पेटीतला स्पंज ओला करून ये, पानं तडकतील. त्या उन्हातून गेल्या. स्पंजावर डिस्टिल्ड वॉटर सोडत असतानाच फोन वाजला. पुढे तेरा दिवस आलागेला सांगत राहिला, तुम्हाला बघवलं नसतं म्हणून पाठवलं हो त्यांनी, मोठ्या मनाचा माणूस. वर्षभर बाई त्या मोठ्या मनावर जळत आहेत. आपल्याला काय बघवेल, हे ठरवणारे हे कोण?

"मला मुद्दाम घालवलंत न?"

बळवंतराव एक चिरूट कानाशी धरून हलकेच दाबतात, पान तडकल्याचा आवाज येतो का ऐकतात.

"मुद्दाम कशाला? रविवारी घरी सोडणार होते मला. आल्याबरोबर एक ओढायचा होता."

"म्हणजे खरंच चिरुटांसाठी?"

"मग काय तर. मी जाणार, हे मला कुणी सांगितलं होतं?"

खाटेच्या जागी आता कॉलेजातल्या प्रयोगशाळेचा ओटा आहे. बाईंच्या अंगावर पांढरा कोट. पलीकडे बळवंतराव, विद्यार्थ्यासारखे स्टुलावर बसलेले, आणि मधे पेटी, उघडी.

"एवढं वर्ष मी तुमच्या मोठेपणावर चिडले," बाई म्हणतात. "तेवढंसुद्धा नव्हतं तर तुमच्यात."

"नव्हतं," ते कबूल करतात. "तूच सांग, मी कधी एवढा विचार केला?"

बाई त्यांच्या हातातला चिरूट हिसकावतात आणि मोडायला जातात. मोडत नाही, नुसता वाकतो. त्या पिळतात, नखं रोवतात, पान ओरबाडून काढतात.

"रागावली?"

"रागावणारच."

"रागाव. पण झाकण लाव आधी. हवा लागून राहिली."

कूलर बंद पडला आहे. वीज गेली असावी. बाईंची उजवी मूठ इतकी आवळलेली आहे की ती उघडायला डावा हात लागतो. तळव्यावर चिरुटाच्या पानाचा तुकडा आहे, तपकिरी, कडेला फाटलेला.

त्या तशाच बाजूच्या खोलीत जातात. कपाट कपाटाच्या जागी. पेटी उघडतात. काटा विसाच्याही खाली, स्पंज दगड झालेला, एकूण एक चिरूट तडकून आतला चुरा बाहेर आलेला. बाई तळवा खिडकीशी धरून बघतात. घाम नाही, तळवा कोरडा ठक्क आहे. तुकडा त्या मधोमध दुमडतात. मग पुन्हा दुमडतात. तडकत नाही.

"रविवारी येणार होते म्हणे," त्या दात आवळून म्हणतात.

तुकडा पेटीत टाकतात आणि झाकण लावतात. आपटूनच, पण लावतात.