चालू मशीनवरचा सत्कार

अकोटच्या अलीकडच्या आमच्या गावात जानरावांच्या मळणीयंत्रावर कामाला जायचं म्हणजे आधी शिव्या खायच्या. गळ्यात दुपट्टा दिसला की, "लग्नाले आला का बे? काढ तो!" बाईचा पदर सुटलेला दिसला की तिच्या हातातली सोयाबीनची पेंढी काढून घेत. मनगटावरचा देवाचा गंडासुद्धा ते चालू देत नसत. गाव त्यांना भित्रा म्हणायचं. बाकीच्यांच्या मशीनवर लोकांची बोटं गेली, जानरावांकडे कोणाचं नखही गेलं नाही, पण त्याचं श्रेय सगळे देवाला द्यायचे.

यंदा त्या श्रेयात वाटा घ्यायला सरपंच किसनराव निघाले. सुरक्षित मळणीबद्दल जानरावांचा सत्कार ठरला, तोही खळ्यावर, मशीनपाशी. आता आमच्याकडे माणसाचा मान करायचा म्हणजे त्याच्या अंगावर काहीतरी पांघरावंच लागतं. नुसतं चांगलं बोलून भागवणं आम्हाला जमत नाही.

"मशीन बंद करू का?" जानरावांनी विचारलं.

"काहून? बंद मशीन फोटोत भंगार दिसते," किसनराव म्हणाले. "चालूच राहू द्या."

इथं जानराव शिवी हासडतील असं मला वाटलं. कसलं काय! टोपी नीट करून ते ट्रॅक्टर आणि मशीन यांना जोडणाऱ्या फिरत्या दांड्यापाशी उभे राहिले, कारण फोटो तिथून छान येत होता. लांबलचक शाल खांद्यावर आली. टाळ्या वाजल्या. नारळ घ्यायला जानराव वाकले आणि शालीचं टोक दांड्यानं धरलं. बघता बघता सगळी शाल सर्रकन ओढली गेली. नशीब, ती नुसती पांघरली होती, गाठ मारलेली नव्हती.

किसनराव म्हणाले, "दुसरी शाल आना रे. फोटो हुकला."

खरं सांगतो, माझं डोकं फिरलं ते यापुढं. जानराव पुन्हा तिथंच, मान ताठ करून उभे राहिले!

त्यांची बायको पार्बताबाई पेंढ्या टाकून उठली. तिनं ट्रॅक्टर बंद केला आणि चावी कमरेला खोचली. मशीन हळूहळू थांबलं.

"शाल मेल्यावर घाला," ती सरपंचांना म्हणाली. "आज ह्या मानसाले मले घरी न्यायचं हाये."

जानराव लालबुंद झाले. "चार लोकांत मायी इज्जत घालवली तुनं."

"गेली त गेली. मान हाये न जाग्यावर?"

ते फाडकन काहीतरी बोलणार होते. पण घाम पुसायला हात मानेवर गेला आणि तिथंच राहिला. शालीनं ओढल्याचा लांब वळ मानेवर उठला होता, आणि तो त्यांना आत्ता कुठं चुरचुरायला लागला होता.