लोण्यातला कूगल

माझा स्वभाव फटकळ, हे आधीच सांगते. त्यापायी भावोजींचं जे झालं, ते मला अजून सोसवत नाही.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, घड्याळजी. केसाएवढा स्क्रू चिमट्याने अलगद उचलतील, पण बत्तीस वर्षांच्या संसारात साधं चहाचं आधण कधी ठेवलं नाही. ताई गेली आणि चार महिन्यांनी आमचं, ज्यू लोकांचं, नवीन वर्ष आलं. त्या दुपारी आम्ही सगळे प्रार्थनामंदिराच्या हॉलमध्ये एकत्र जेवतो. मांस तिथेच शिजतं, आणि वर्ष गोड जावं म्हणून प्रत्येक घरातून एक गोड पदार्थ येतो.

स्वयंपाकाचं बघणाऱ्या काकू भावोजींना म्हणाल्या, "तुम्ही एकटे, फळं आणा, पुरे." त्यांना ते फार लागलं. मला फोन केला. "ती गेली म्हणून आमचं घर उठलं का गं? मधाचा केक करू, मधातली गाजरं करू, की कूगल? कूगल ती फार छान करायची."

मी लाँड्रीत इस्त्री करत होते, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. शिवाय मनात राग होताच. ताई अंथरुणाला खिळली तेव्हा हा माणूस दुकान सोडून घरी बसला नाही. "करा हवं ते! गोड असलं म्हणजे झालं," म्हटलं आणि फोन आपटला.

आता बघा, आमच्यात मांसाच्या जेवणात दुधाचं चालत नाही. हे भावोजींनाही ठाऊक. पण कूगल, म्हणजे शेवया, अंडी, मनुका घालून भाजलेला गोड पदार्थ, ताई दोन तऱ्हेचा करायची: सणाला तेलातला, एरवी घरी लोणी-चीज घातलेला. भावोजींना वाटलं, कूगल तो कूगल, ताई दरवर्षी सणाला न्यायची म्हणजे चालत असणार. तिच्या वहीत जो आधी सापडला तो त्यांनी केला.

ते उशिरा आले, जेवणं सुरू झाली होती. दारातच काकूंना वास आला. "लोणी आहे यात?"

"आहे की, भरपूर!" भावोजी ऐटीत म्हणाले.

काकू वाईट नाहीत, पण नियम तो नियम. भावोजींचा चेहरा खर्रकन उतरला. भांडं घेऊन ते बाहेर बाकावर जाऊन बसले. कोटाच्या बाहीला लोणी लागलेलं होतं. मी मागोमाग धावले.

"लोकांचं राहू दे," ते म्हणाले. "तू एक घास खा. तिच्यासारखा झालाय का सांग. आता तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

आणि मी नुकतंच मांस खाल्लं होतं! त्यानंतर सहा तास दुधाला शिवायचं नाही.

"भावोजी, मी जेवायला बसले होते हो..." मी बोटांवर तास मोजले. "संध्याकाळी येते. नक्की येते."

"ये," म्हणाले.

सात वाजता गेले. भांडं घासून पालथं घातलेलं.

"टाकून दिलंत?"

"खाल्लं. आठ माणसांचं होतं. वाटलं, एखादा तरी घास तिच्या हातचा लागेल."

"मग?"

"नाही लागला." त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तू म्हणाली असतीस, अगदी ताईसारखा झालाय. म्हणून तुझ्यासाठी ठेवला नाही."

मी रडायलाच लागले. वाटभर तेवढंच वाक्य घोकत आले होते.