पाणी न मारण्याचं काम

झारीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. ऊन चढण्याआधी नव्या स्लॅबवर पाणी साचलेलं हवं, कॉलमभोवतीची गोणपाटं ओली हवीत. आम्ही गवंडी आठला कामावर यायचो, तेव्हा हा अर्धी इमारत भिजवून पाइप गुंडाळत असायचा. पाणी मारतो म्हणून सगळे त्याला झारीच म्हणत; त्याचं खरं नाव मुकादमालाही आठवत नसे. लोक म्हणायचे, पाणी मारायला काय अक्कल लागते? लागते. सिमेंटला पाणी कमी पडलं की तडा जातो. झारीने भिजवलेल्या कामाला तडा गेलेला मी पाहिला नाही.

आम्ही दोघं काम सोडून घरी बसलो, त्यानंतरची ही गोष्ट. झारीच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, एका पसरट कुंडीत लिथॉप्स लावले होते. वाळवंटातलं झाड. दिसायला खडीच: दोन जाड पानं, मधे चीर, संपलं. बी धुळीसारखं बारीक. त्यातून तीन वर्षं खपून त्यांनी पाच झाडं जगवली होती आणि यंदा पहिलं फूल येईल म्हणत होत्या. तेवढ्यात त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. जाताना झारीला बजावून गेल्या, कुंडीला हात लावू नका, उपकार होतील.

महिनाभर त्याने लावला नाही. मग पानं सुरकुतली आणि चीर रुंदावू लागली. तडा दिसल्यावर झारी गप्प बसणार? रोज सकाळ-संध्याकाळ त्याने कुंडी भिजवली, स्लॅब भिजवावा तशी. एक झाड कुजून लिबलिबीत झालं, तेव्हा तो माझ्या दारात आला. तोंड एवढंसं झालेलं.

"घर पडलं असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "हे तिला कसं सांगू?"

मी म्हटलं, आत्ताच सांग, अजून चार आहेत. त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. मी परत त्याच्या हातात दिला.

त्याने एका दमात सगळं सांगितलं. मग वहिनी म्हणाल्या, "माझी बोलणी नंतर खा. आधी झाडं बाहेर काढा."

तो तडा नव्हताच, त्यांनी समजावलं. चिरेतून नवी पानं वर येतात आणि जुन्या पानांतलं पाणी पिऊन वाढतात. जुनी कागदासारखी वाळेपर्यंत थेंबही द्यायचा नाही. आता मुळांची ओली माती झाडून झाडं सावलीत कागदावर सुकवायची आणि कोरड्या, भरड मातीत परत लावायची.

तीन वाटे खडे, एक वाटा माती. विटेचा चुरा आणि जाड वाळू झारीने चाळली, खाली पडलेली भुकटी फेकली, वर राहिलेलं धुऊन गच्चीवर वाळवलं. जरा ओल लागली म्हणून पुन्हा वाळवलं. कामात खोट नाही. मुळं आत, पानं वर, अशी चारही झाडं बसवून कुंडी उन्हाच्या खिडकीत ठेवली.

पुढे काहीच करायचं नव्हतं, आणि त्यातच त्याचा जीव मेटाकुटीला आला. पहाटे जाग यायचीच. हात पाठीमागे बांधून तो कुंडीसमोर उभा राहायचा.

वहिनी परतल्या तेव्हा चारही चिरांतून नवी पानं डोकावत होती. बॅग खांद्यावर ठेवूनच त्या वाकल्या, एकेक झाड बोटाने हळूच दाबून पाहिलं. घट्ट.

"जन्मात पहिल्यांदा नुसते बसलात," त्या म्हणाल्या. "जमलं की."

झारीने एवढा मोठा श्वास सोडला, की मलाच हसू आलं. दुसऱ्या दिवशी तो आठपर्यंत झोपला होता.

पाचव्या झाडाबद्दल त्या त्याला अजून ऐकवतात. त्याला त्याचं काही वाटत नाही.

झाडांना आणखी ऊन हवं होतं. ते गॅलरीत होतं, पण तिथे पाऊस आत येई. झारीने गॅलरीवर पारदर्शक पत्रा बसवून घेतला. उतार मी काढून दिला. पावसाळा सरताना त्याखाली पहिलं फूल उमललं, पिवळं, झाडापेक्षा मोठं. जन्मभर पाणी मारून साठवलेला त्याचा फंड त्या पत्र्यात गेला.