शिमशोनच्या वाट्या

माझ्या परळच्या घरात, माळ्यावर, स्टीलच्या वाट्यांचं एक खोकं आहे. प्रत्येक वाटीवर ‘शिमशोन’ असं नाव कोरलेलं आहे. शिमशोन नावाचं आमच्याकडे कुणी नाही, आणि याचा मला आज आनंदच आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात बोलणं मराठी, आडनावाच्या शेवटी ‘कर’, कालवणात नारळाचं दूध. मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची मिला, म्हणजे सुंता होते, आणि त्याच वेळी त्याला हिब्रू नाव मिळतं. तोपर्यंत ते नाव कुणी उच्चारत नाही.

भावाला मुलगा झाला आणि आत्या म्हणून मी कामाला लागले. मला यादी करून एकेक काम उरकायची सवय आहे. मिला करणाऱ्यांची वेळ घेतली. मलिद्यासाठी, म्हणजे आमच्या प्रसादाच्या ताटासाठी, पोहे, नारळ, सुका मेवा, गुलाब सांगून ठेवले. नाव काय ठेवणार, ते भावाने माझ्या कानात सांगितलंच होतं. शिमशोन हा जुन्या कराराच्या गोष्टीतला पहिलवान आणि त्याचं नाव सूर्यावरून आलेलं. लालबागला भांड्यांच्या दुकानात वाट्यांवर नाव घालून देतात. आमचे शेजारी बारशाला अशाच वाट्या वाटतात. म्हटलं, आपणही वाटू. आठवा दिवस उजाडायची वाट कशाला बघायची?

वाट्या घरी आल्या त्याच दुपारी भावाचा फोन आला. बाळाला श्वास घेता येत नव्हता. छातीत जंतुसंसर्ग झाला होता, काचेच्या पेटीत ठेवलं होतं. मिला पुढे गेली. बाळ पूर्ण बरं झाल्याशिवाय ती करत नाहीत.

फोन ठेवला तर बाबांच्या हातात वाटी.

“हे काय आहे?”

“येणाऱ्यांना द्यायला, बाबा.”

“पोराला अजून नाव दिलंय कुणी? आपल्या गावात नाव कोरायचे ते दगडावर. आणि तेसुद्धा सगळं आटोपल्यावर.”

बोलून गेले आणि त्यांचाच चेहरा उतरला. वाटी खोक्यात ठेवून ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, “त्याचं नाव हाईम ठेवूया.”

हिब्रूत ‘हाय’ म्हणजे जिवंत आणि ‘हाईम’ म्हणजे जीवन. शब्द अनेकवचनी आहे. आपण नाही का एकाच माणसाबद्दल ‘प्राण वाचले’ म्हणत? तसंच. आजारी मुलाला हे नाव देण्याची रीत ज्यूंमध्ये फार जुनी आहे. मृत्यूचा दूत जुन्या नावाने शोधत येतो, त्या नावाचं कुणी भेटत नाही म्हणून परत जातो, अशी त्यामागची समजूत.

बाबांच्या आजोबांचं नाव हयाजी. अलिबागच्या बाजूला त्यांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात आम्हा लोकांना शनवार तेली म्हणत. हयाजी म्हणजे हाईमच. अब्राहामचा जसा आबाजी झाला, तसा कोकणात राहून हाईमचा हयाजी झाला. त्यांनाही ते नाव लहानपणीच्या दुखण्यात मिळालं होतं. आधीचं नाव काय होतं, ते आज कुणालाच सांगता येत नाही. नातवाला, म्हणजे बाबांना, खांद्यावर घेऊन बाजार फिरवण्याइतके ते जगले.

संध्याकाळी बाबांनी हॉस्पिटलात भावाला नाव सांगितलं. तो वैतागला.

“बाबा, हे म्हाताऱ्या माणसाचं नाव वाटतं हो.”

“मग होऊ दे की म्हातारा! तेच तर मागतोय मी.”

भाऊ काचेकडे तोंड करून उभा राहिला. भावजय बाकावर बसली होती. ती म्हणाली, “मला मूल घरी न्यायचंय. तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडा.” दोघेही मुकाट्याने बाहेर गेले. मी तिच्यासाठी चहा आणायला गेले, तेव्हा ते जिन्यात शेजारी शेजारी बसले होते.

पुढचे दिवस मी माझ्या यादीत एकही नवीन काम लिहिलं नाही. मग एका सकाळी भावजयीचा मेसेज आला: “नळी काढली. दूध प्यायला.” मी तो मेसेज स्वयंपाकघरात उभ्याने वाचला, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून पोटभर रडले. मग लालबागला गेले, वाट्यांवरचं नाव निघेल का विचारायला.

दुकानदार हसला. “ताई, कोरलेलं कसं निघणार? ठेवून द्या, दुसरा पोरगा झाला की वापरा.”

“भावजय मला घरात घेणार नाही,” मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सिनेगॉगमध्ये मिला झाली. त्याला आम्ही मशीदच म्हणतो. एलियाहू हन्नाबी हा आमचा प्रेषित प्रत्येक मिलेला येतो असं मानतात, त्याची रिकामी खुर्ची पांढरं कापड घालून मांडली होती. तिच्या शेजारी बाबा बाळाला मांडीवर घेऊन बसले. प्रार्थना म्हणणाऱ्यांनी नाव विचारलं. बाबांनी वर पाहिलं नाही, बाळाची दुपटी उगाच सारखी करत राहिले.

“हाईम,” भाऊ म्हणाला.

त्याच वेळी बाळाने असं भोकाड पसरलं की मागून कुणीतरी म्हणालं, “छाती ठणठणीत आहे हं!” बाबा हसले आणि मग रुमाल शोधू लागले. मलिदा आम्ही द्रोणांतून वाटला.

आता हाईम घरभर धावतो. माझ्याकडे आला की त्याला वरणभात भरवायला मी त्यातलीच एक वाटी काढते. चांगली भांडी किती दिवस वर ठेवायची? पहिल्यांदा काढली तेव्हा बाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “कुणी विचारत आलंच तर सांग, शिमशोन इथे राहत नाही.”

हाईमने वाटी ओढून घेतली आणि भात संपवला.